ठाण्याहून होट्युर्ली : आल्प्समधली उंच खिंड एका दिवसात कशी करावी

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांनी आल्प्स पाहिलेला असतो तो केबल कारच्या काचेतून किंवा युंगफ्राऊयोखच्या गर्दीतून. सहलीच्या बसचे वेळापत्रकच तसे असते आणि त्यात कोणाचा दोष नाही. परंतु ज्या ठाणेकराने माहुलीची शिडी चढलेली आहे, कळसूबाईच्या चढणीवर घाम गाळलेला आहे आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून जपून उतरण्याची सवय लावून घेतलेली आहे, त्याला त्याच देशात एक संपूर्ण दिवस स्वतःच्या पायांवर घालवता येतो. आणि त्या दिवसासाठी होट्युर्ली ही खिंड मला सर्वांत योग्य वाटते. ती दमवणारी आहे, पण तिथे दोर लावावा लागत नाही. ती उंच आहे, पण विरळ हवेची सवय होण्यासाठी आधी काही दिवस वर मुक्काम करावा लागत नाही. आणि पायथ्याच्या गावात रेल्वे स्थानक असल्यामुळे भाड्याच्या गाडीची गरजही पडत नाही.

होट्युर्ली खिंड २,७७८ मीटर उंचीवर आहे. तिच्या एका बाजूला कांडरश्टेग हे गाव आणि ओशिनेन सरोवर, तर दुसऱ्या बाजूला ग्रीसाल्प ही वस्ती आहे. व्हिया आल्पिना या लांब पल्ल्याच्या पदभ्रमण मार्गाचा ग्रीसाल्प ते कांडरश्टेग हा टप्पा याच खिंडीतून जातो. खिंडीच्या थोडे वर, सुमारे २,८४० मीटरवर, स्विस आल्पाइन क्लबची ब्ल्युम्लिसाल्प हट आहे, जिथे उन्हाळ्यात गरम जेवण आणि मुक्कामाची सोय असते. वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली असून अवघडपणाच्या सहा पायऱ्यांच्या स्विस मापात ती टी-३ या तिसऱ्या पायरीवर येते. याचा अर्थ असा, की हाताचा आधार क्वचितच लागतो, पण पाय पक्का पडला पाहिजे आणि दरीकडे पाहून डोके गरगरता कामा नये.

या लेखात मी ग्रीसाल्पची बाजू बाजूला ठेवली आहे. तिकडून चढून कांडरश्टेगला उतरायचे म्हटले, तर चढ जवळजवळ १,४०० मीटरचा आणि उतार १,६०० मीटरचा होतो; शिवाय माथ्याखाली काळ्या घसाऱ्यावर लाकडी पायऱ्या आणि दोर धरून चढावे लागते. पहिल्या वेळी आल्प्समध्ये येणाऱ्याने ओशिनेन सरोवराच्या बाजूने चढावे आणि त्याच वाटेने परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चढताना पाहिलेली वाट उतरताना ओळखीची असते, आणि दमलेल्या शरीराला त्या ओळखीचा फार आधार असतो.

आधी घड्याळाचा हिशेब

डोंगरातल्या चालण्याचा वेळ काढण्याची एक पद्धत जर्मन भाषक देशांत रूढ आहे आणि ती प्रत्येक ट्रेकरने पाठ करून ठेवावी. सपाटीवर ताशी ४ किलोमीटर, चढाला ताशी ३०० मीटर उंची आणि उताराला ताशी ५०० मीटर उंची हे दर धरायचे. अंतराचा आणि उंचीचा वेळ वेगवेगळा काढायचा. आणि त्यांतला मोठा आकडा पूर्ण घेऊन त्यात लहान आकड्याचा निम्मा मिळवायचा. सह्याद्रीतही हे गणित बऱ्यापैकी लागू पडते, पण आपण ते करत नाही, कारण आपल्याकडे उशीर झाला तर बहुधा पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकता येते.

ओशिनेन सरोवर १,५७८ मीटरवर आहे, म्हणजे तिथून खिंडीपर्यंत नेमका १,२०० मीटरचा चढ आहे. वाटेची लांबी सहा-सात किलोमीटर धरली, तर उंचीचे चार तास आणि अंतराच्या साधारण दीड-पावणेदोन तासांचे निम्मे मिळून पावणेपाच तासांच्या आसपास आकडा येतो. त्यात विश्रांतीची पाऊण तास भर घाला. उताराला याच रीतीने सव्वातीन तास आणि विश्रांती धरून चार तास लागतात. एकूण दिवस साडेनऊ तासांचा होतो, आणि हा हिशेब पाय चांगले असलेल्या माणसाचा आहे.

आता कांडरश्टेग गावातून गोंडोलाची सकाळची पहिली केबिन पकडून निघण्याचा बेत करून पाहा. वरचे स्थानक सुमारे १,६८० मीटरवर आहे, त्यामुळे शंभर मीटर चढ वाचतो. पण प्रत्यक्ष चालायला लागेपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात आणि खिंडीत पोहोचायला दुपारचे दोन होतात. जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्सवर ढग जमून गडगडाट सुरू होण्याची वेळ हीच असते. उतरून येईपर्यंत शेवटची केबिनही निघून गेलेली असू शकते. म्हणूनच आदल्या संध्याकाळी गोंडोलाने वर जाऊन सरोवराकाठच्या निवासात मुक्काम करावा आणि सकाळी सहाला पाऊल टाकावे. मुक्कामाचा खर्च गावापेक्षा थोडा जास्त येईल. या संपूर्ण बेतात पैसे कुठे खर्च करावेत असे मला कोणी विचारले, तर मी त्या एका रात्रीकडे बोट दाखवीन. खोल्या थोड्या असल्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे लागते.

सहाला निघाल्यास खिंडीत साडेअकरापर्यंत पोहोचता येते. परतीची वेळ दुपारी बारा ही ठरवून टाकावी आणि ती सोबतच्या प्रत्येकाला आदल्या रात्रीच सांगावी. बारा वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग खिंड समोर दिसत का असेना. ही वेळ वर गेल्यावर ठरवू म्हटले, तर ती कधीच ठरत नाही, कारण थकलेल्या माणसाला माथा नेहमीच अर्ध्या तासावर वाटतो.

ठाण्यात राहून करायची तयारी

या खिंडीचा हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा असल्यामुळे तयारीचे महिने मार्च ते जून हे येतात, म्हणजे आपल्याकडचे सर्वांत उकाड्याचे. त्याला इलाज नाही. पण सकाळी लवकर बाहेर पडले तर काम होते. ठाण्यात उपवन तलावापासून येऊर गावाकडे चढणारा रस्ता यासाठी उत्तम आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तिथे बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे अंधारात एकट्याने जाऊ नये, रस्ता सोडून आडवाटेला शिरू नये आणि वनखात्याच्या चौकीवर जी वेळ व जे नियम सांगितले जातील ते पाळावेत. नवी मुंबईत राहणाऱ्यांना बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ जवळचा आहे. खारघरच्या टेकड्यांवर पावसाळ्यात अनेकदा प्रवेशबंदी असते आणि तिच्याकडे काणाडोळा करू नये.

मात्र या टेकड्यांची उंची कमी पडते. १,२०० मीटर चढायचे आणि तेवढेच उतरायचे, याची शरीराला सवय लावायची असेल तर इमारतीचा जिना कामी येतो. एक मजला सुमारे तीन मीटरचा धरला, तर घोडबंदर रस्त्यावरच्या चाळीस मजली इमारतीचा जिना एकदा चढल्यावर १२० मीटर होतात आणि दहा फेऱ्यांत होट्युर्लीचा पूर्ण चढ होतो. पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्यांनी सुरुवात करावी आणि हळूहळू आठ-दहापर्यंत जावे. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आधी कल्पना द्यावी, म्हणजे रोज प्रश्नोत्तरे होत नाहीत.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. जिना चढून लिफ्टने खाली येऊ नये; पायीच उतरावे. चढताना दम लागतो, छाती धडधडते, म्हणून आपल्याला चढच अवघड वाटतो. पण लांब दिवसात माणसाला लंगडायला लावतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजन तोलून धरण्यासाठी जोर लावत असतो. या दुहेरी कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, आणि तो स्नायू थकला की सगळा भार गुडघ्यावर येतो. चांगली बाब अशी, की एकदा असा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला पुष्कळ कमी दुखतो. म्हणून प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी एक मोठा उतार शरीराला दाखवून ठेवावा आणि शेवटचा आठवडा पायांना विश्रांती द्यावी.

हा मोठा उतार आपल्या दारात आहे. आसनगाव स्थानकावर उतरून माहुली करता येतो. ठाणे जिल्ह्यातला हा उंच किल्ला सुमारे साडेआठशे मीटरचा असून पायथ्यापासूनचा चढ चांगला खडा आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे आणि बारी गावातून आठशे-नऊशे मीटरचा चढ-उतार एका दिवसात घडतो. नेरळहून पायी माथेरान चढून त्याच दिवशी पायीच उतरणे हाही सातशे मीटरच्या वरचा व्यायाम आहे आणि ठाण्याहून कर्जत लोकलने तो सहज जमतो. अशा एका वाटेवर सॅकसह ताशी तीनशे मीटर उंची सलग अडीच तास घेता आली, बोलताना धाप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर पाय तयार आहेत असे समजावे. उन्हाळ्यात या चाचणीत थोडी सूट घ्यावी, कारण मे महिन्यातल्या दमट हवेत हृदयावर जो ताण येतो तो आल्प्सच्या थंड हवेत येणार नाही. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तयारी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

सॅकमध्ये काय असावे

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. कांडरश्टेगमध्ये वीस अंश असतील, तर खिंडीत दहाच्या आसपास असतात, आणि त्यात वाऱ्याने आणखी गारठा येतो. सह्याद्रीत भिजणे ही आनंदाची गोष्ट असते. तिथे भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर ठेवून वाऱ्यात थांबणे धोक्याचे असते. अंगालगत घाम सुकवणारा कपडा, त्यावर उबेचा एक थर, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट, पातळ हातमोजे, कानटोपी आणि सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा शर्ट इतके सामान भर जुलैतही घ्यावे. आपल्याकडे वापरतो तो पोंचो वाऱ्यात तोंडावर उडतो आणि पायाखालची वाट झाकतो, म्हणून तो घरीच ठेवावा. हवा विरळ होत जाते तशी अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आणि बर्फावरून ती परावर्तित होते; सावळ्या कातडीला ऊन लागत नाही या समजुतीवर विसंबू नये आणि गॉगल, टोपी व सनस्क्रीन विसरू नये.

बूट नवे असतील तर ते माहुलीला आणि जिन्यावर वापरून मगच न्यावेत. तळव्याची नक्षी खोल हवी आणि पुढची बाजू थोडी कडक हवी, कारण बर्फात टाच व चवडा रोवताना त्याचा उपयोग होतो. चालण्याच्या काठ्या दोन घ्याव्यात. त्या विमानात चेक-इन सामानात टाकाव्यात, तर पॉवर बँक मात्र केबिनच्या सामानातच न्यावी लागते.

खाण्याबाबत एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे दुधातल्या दशम्या, पेढे किंवा तुपातले लाडू घरी ठेवावेत. शेंगदाणा-गुळाचे बिनतुपाचे लाडू, चिक्की, खजूर, तेलावर भाजलेल्या मेथीच्या दशम्या आणि भाजलेले चणे हे सगळे चालते, टिकते आणि चढावर गळ्याखाली उतरते. दर तासाला थोडे खावे. भूक लागण्याची वाट पाहू नये. पाणी दोन लिटर घ्यावे. गावातल्या दगडी कुंडांवरच्या नळांचे पाणी, तसा मनाई फलक नसेल तर, पिण्यायोग्य असते. वर मात्र ओढ्यांत एकतर हिमनदीची राखाडी माती असते किंवा वरच्या अंगाला गुरे चरत असतात, म्हणून ते पाणी तसेच पिऊ नये. हटवर पाणी विकत मिळते. थोडे फ्रँक रोख जवळ असू द्यावेत.

वाट सांगणारे पिवळे फलक

आपल्याकडे वाट चुकली, की शेतात काम करणाऱ्या एखाद्या मामांना हाक मारता येते आणि ते अर्धी वाट सोबतही येतात. सरोवराच्या वर लागणाऱ्या ओबरबेर्गली या वस्तीपलीकडे असे कोणी भेटत नाही, पण वाट दाखवण्याचे काम तिथले पिवळे फलक चोख करतात. ते नीट वाचायला शिकावे. फलकाच्या पांढऱ्या पट्टीवर आपण उभे आहोत त्या ठिकाणाचे नाव आणि उंची असते. पिवळ्या बाणावर पुढच्या ठिकाणांची नावे आणि तिथवर लागणारा वेळ असतो. अंतर किलोमीटरमध्ये दिलेले नसते, कारण डोंगरात त्याचा उपयोग थोडाच. हा वेळ विश्रांती न धरता काढलेला असतो. पहिल्या दोन फलकांच्या दरम्यान आपल्याला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते घड्याळात पाहावे आणि त्या प्रमाणात पुढचे सगळे आकडे वाढवून घ्यावेत. आपला वेग किती, हे त्याहून अचूक कोणी सांगत नाही.

बाणाचे टोक नुसते पिवळे असेल तर ती साधी वाट, पांढरे-लाल-पांढरे असेल तर डोंगरी वाट आणि पांढरे-निळे-पांढरे असेल तर ती गिर्यारोहणाच्या अनुभवाची वाट समजावी. आपल्याला दिवसभर दुसऱ्या प्रकारातच राहायचे आहे. स्विसटोपो या स्विस सरकारी नकाशा खात्याचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवावा.

सरोवराच्या परिसराबाबत एक विशेष सूचना आहे. ओशिनेनच्या वर स्पिट्झे श्टाई नावाचा डोंगरभाग अस्थिर झालेला असून २०१८ पासून त्याच्या हालचालीवर उपकरणांनी लक्ष ठेवले जाते. त्यामुळे त्याच्या बाजूच्या काही वाटा बंद ठेवल्या जातात. बंद वाटेच्या फलकाला तिथे कायद्याइतका मान असतो. पलीकडे कोणी चालताना दिसले तरी आपण जाऊ नये, आणि आदल्या दिवशी गावातल्या पर्यटन कार्यालयात चौकशी करावी.

प्रत्यक्ष दिवस

विमानाने झुरिचला उतरून बर्न, श्पीट्स असे करत रेल्वेने कांडरश्टेगला पोहोचता येते. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटेच आपोआप जाग येते. हा फायदा घ्यावा आणि खिंड सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवावी; मात्र उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. मधला एक दिवस सरोवराभोवती हिंडण्यात घालवावा. खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी असतो. बहुतेकांना त्याने थोडी धाप लागण्यापलीकडे काही होत नाही. पण डोके ठणकू लागले आणि मळमळ सुरू झाली तर औषध घेऊन पुढे जाण्यापेक्षा खाली उतरणे हाच उपाय आहे.

सकाळी सहाला सरोवराच्या उत्तरेकडच्या काठाने निघावे. वर डावीकडे कडे, उजवीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे डोल्डेनहॉर्न या शिखराची भिंत असते. पहिला अर्धा-पाऊण तास मुद्दाम हळू चालावे. उंटरबेर्गलीपाशी खरी चढण सुरू होते आणि तिथून ओबरबेर्गली ही १,९७८ मीटरवरची गुराख्यांची वस्ती गाठायची असते. गणिताप्रमाणे तिथे पावणेआठ-आठला पोहोचायला हवे. नऊ वाजून गेले असतील, तर त्या दिवशी खिंड होणार नाही हे तिथेच मान्य करावे. दिवस वाया जात नाही. ओबरबेर्गलीवरून ह्योयबेर्गच्या बाजूने गोंडोलाच्या स्थानकाकडे जाणारी उंचावरची आडवी वाट आहे, जिच्यावरून संपूर्ण सरोवर पायाखाली दिसते. ती वाट काही ठिकाणी अरुंद असल्यामुळे पावसात मात्र टाळावी.

या पट्ट्यात गाई वासरांसह मोकळ्या चरत असतात. गळ्यातल्या घंटांमुळे त्या गरीब वाटतात, पण वासरू असलेली गाय अंगावर येऊ शकते. वासराला हात लावू नये, कळपाच्या मधून जाऊ नये, लांबून वळसा घ्यावा आणि कुंपणाचे दार उघडले असेल तर ते आपल्यामागे लावावे.

ओबरबेर्गली सोडल्यावर गवत संपत जाते आणि वाट हिमोढावर येते. हिमनदीने कडेला लोटून ठेवलेल्या दगड-मातीचा हा उंच बांध म्हणजे आपल्या सोंडेसारखाच वर चढत जातो. एका अंगाला उतार सौम्य असतो. दुसऱ्या अंगाला, जिथून हिमनदी मागे सरकली आहे, तिथे माती सुटी होऊन कापल्यासारखी कोसळलेली असते. ब्ल्युम्लिसाल्पची हिमाच्छादित शिखरे त्याच बाजूला असल्यामुळे छायाचित्रासाठी प्रत्येकाचे पाऊल त्या कडेकडे वळते. तिथे जाऊ नये. बांधाच्या मधोमध चालावे आणि फोटो काढायचा तर आधी दोन्ही पाय थांबवावेत. ही शिस्त आपल्या कोकणकड्यावर लागते तीच आहे.

शेवटचे तीनशे-चारशे मीटर घसाऱ्यावरच्या वळणांचे आहेत. पाऊल लहान ठेवावे, पूर्ण तळवा टेकवावा आणि वर कोणी असेल तर त्याच्या बरोबर खाली थांबू नये. दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि कधी त्यानंतरही, खिंडीखाली जुन्या बर्फाचे पट्टे आडवे येतात. हे सह्याद्रीत कुठेही शिकता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पट्ट्यावर पाय ठेवण्यापूर्वी खाली पाहावे: घसरलो तर कुठे जाऊन थांबू? खाली गवताचा सपाट तुकडा असेल तर पुढे जावे. खाली दगड किंवा कडा असेल आणि बर्फ कडक असेल तर तिथून परतावे. आधीच्या लोकांची पावले उमटलेली असतील तर त्यांतच पाय टाकावा. नसतील तर बुटाची वरच्या अंगाची कड दोन-तीनदा बर्फावर आपटून आडवी पायरी करावी, तिच्यावर वजन तोलून पाहावे आणि मगच दुसरा पाय उचलावा. दोन्ही काठ्यांचे पट्टे मनगटातून काढावेत. जिथे बर्फ दगडाला टेकलेला असतो तिथे खालून तो वितळून पोकळ झालेला असतो. त्या कडेवर पाय न ठेवता लांब ढांग टाकून पलीकडे जावे. सकाळी कडक असलेला बर्फ दुपारी मऊ होतो आणि मग पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, म्हणून परतताना घाई करू नये.

खिंडीत पोहोचल्यावर बारा वाजायला अवकाश असेल आणि आकाश स्वच्छ असेल, तरच हटपर्यंत जावे. तिथे गरम सूप घेऊन, अंगातला ओला शर्ट बदलून, बुटाच्या नाड्या उतारासाठी पुन्हा घट्ट बांधाव्यात, म्हणजे अंगठा पुढे आपटून नख काळे पडत नाही. काठ्यांची लांबी चढताना ठेवली होती त्यापेक्षा थोडी वाढवावी.

ढग, वीज आणि मदत

हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याच्या सेवेवर पाहावा, आणि हटला किंवा निवासातल्या मंडळींना विचारावे. सकाळी दहालाच ढग फुलकोबीसारखे वर वाढू लागले असतील तर बाराची परतीची वेळ अकरावर आणावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खिंड, बांधाचा माथा आणि लोखंडी तारा ताबडतोब सोडून खाली उतरावे. हिमोढाच्या माथ्यावर वीज गाठते तेव्हा लपायला जागा नसते, हे ध्यानात ठेवून त्या भागात वादळापूर्वीच पोहोचण्याचा किंवा न पोहोचण्याचा निर्णय घ्यावा.

अपघात झाल्यास स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आहे, आणि ११२ हा युरोपभर चालणारा क्रमांकही लागतो. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा इशारा द्यावा, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. मिनिटाला तीन इशारे आले तर ते उत्तर असते. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर करून उभे राहणे म्हणजे मदत हवी आहे. नुसत्या हौसेने हात हलवू नयेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण त्यात डोंगरातले पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरची सुटका धरली आहे का, आणि उंचीची काही मर्यादा घातली आहे का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत स्वतः वाचावे. विमा एजंटने फोनवर सांगितलेले पुरेसे नसते. लेखी उत्तर मागून घ्यावे.

निघण्यापूर्वी आपली वाट, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत आपला निरोप न आल्यास काळजी करायची, हे निवासाच्या स्वागतकक्षात आणि घरी ठाण्यात अशा दोन्ही ठिकाणी लिहून द्यावे. घरच्यांना साडेतीन तासांचा फरक समजावून सांगावा, नाहीतर इकडे रात्रीचे आठ वाजले की आई उगाच घाबरी होते.

सरोवरापाशी चार-साडेचारला पोहोचलात, तर गोंडोलाच्या स्थानकापर्यंतचा शंभर मीटरचा शेवटचा चढ अर्ध्या तासात होतो. शेवटच्या केबिनची वेळ आदल्या दिवशीच लिहून घ्यावी, कारण ती महिन्यागणिक बदलते. ती चुकली तर सरोवरापासून गावापर्यंत आणखी चारशे मीटर उतरावे लागते, ज्याला दमलेल्या पायांनी दीड तास लागतो. जुलैमध्ये साधारण नऊपर्यंत उजेड असतो, सप्टेंबरमध्ये मात्र साडेसातनंतर अंधार पडू लागतो, म्हणून विजेरी सॅकच्या वरच्या खणातच ठेवावी.